सुईणीच्या हाताबद्दल मी बोलले ते

"तिच्या हाताला यश न्हाई."

असं बोलले होते मी. चार शब्द. लातूरच्या आमच्या घरात, मधल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून, भेटायला आलेल्या तिघी बायकांपुढे, पदर डोळ्यांना लावून. त्या चार शब्दांनी एका सुईणीची भाकरी गेली, आणि ती तिला परत मिळवून द्यायला मला दीड वर्ष लागलं. ती हकीकत मी आज लिहायला बसले आहे. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. चूक माझी, निस्तरली मी. पण हल्ली माझ्या नाती फोनवर एकमेकींबद्दल जे बोलतात ते कानावर येतं आणि मला गप्प बसवत नाही. गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही, हे पुढं दिसेलच.

निजामाच्या अमलाची ती शेवटची दहाएक वर्षं. माझं माहेर नांदेडचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले, शुक्रवारी सुट्टी असे, आणि मुलींना तिथं कोणी घालत नसे. पण वडिलांना वाटायचं की पोरीला मराठी वाचता यावं, निदान कापडाच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी तरी. आमच्या गल्लीच्या टोकाला एका भाड्याच्या खोलीत एक ख्रिस्ती शिक्षिका मुलींना शिकवायच्या. नेहमी पांढरं लुगडं, आवाज खणखणीत, अंगणात चार कोंबड्या. त्यांच्याकडे मोठ्या मुलींसाठी वाचायला एकच पुस्तक होतं, बायबल. वडिलांनी एक अट घातली, "वाचायला शिकवा, देव बदलू नका." बाई म्हणाल्या, "देव बदलणं माझ्या हातात न्हाई. वाचायला मात्र शिकवीन."

आणि शिकवलं. लिंगायताची पोर मी, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि समोर उघडं बायबल. माझी अक्षरं त्या पुस्तकावर पक्की झाली, म्हणून त्यातलं पुष्कळ मला अजून तोंडपाठ आहे. सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते बोलण्याबद्दलचं, कारण बाईंचा सगळा भर त्यावरच होता. घोड्याच्या तोंडातला लहानसा लगाम अख्खा घोडा वळवतो, तशी जीभ माणसाला वळवते, असं त्यातल्या एका पत्रात आहे. ते आम्हाला लगेच पटलं, कारण स्टेशनवरचे टांगे रोज बघायचो. पुढं जहाजाच्या सुकाणूचं होतं, आणि जहाज काय ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई आम्हाला सरळ गोदावरीच्या घाटावर घेऊन गेल्या. तिथल्या नावाड्याकडून त्यांनी मागचं वल्हं एवढंसं वळवून घेतलं, आणि दहा माणसांची नाव गर्रकन फिरली. एकाच झऱ्याला गोड आणि खारट पाणी येत नाही, मग एकाच तोंडानं देवाची स्तुती आणि माणसाला शिव्याशाप कसे चालतात, असंही त्या पत्रात विचारलं आहे. येशू तर म्हणतो की तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, तोंडातून निघतं त्यानं विटाळतो. हे मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आईनं माझ्या तोंडात आधी घास कोंबला आणि म्हणाली, "जेव गप."

बायबलातल्या नियमशास्त्रात खोट्या साक्षीचा एक कायदा आहे. कोणी दुसऱ्यावर खोटी साक्ष दिली आणि ती उघडी पडली, तर दुसऱ्याचं जे व्हावं म्हणून तो बोलला तेच त्याचं करायचं. मला तो फार आवडायचा. मी लहान होते, आणि त्या कायद्यात मी नेहमी न्यायाधीश असायचे.

बाईंची एक रीत होती. एखादी मुलगी दुसरीची चुगली घेऊन आली की त्या ऐकून घेत नसत. दुसरीला हाक मारून समोर उभी करायच्या आणि पहिलीला म्हणायच्या, "आता हिच्या तोंडाकडं बघून म्हण." दहातल्या नऊ चुगल्या तिथंच विरून जायच्या.

पुढं लग्न होऊन मी लातूरला आले. सासरी गूळ आणि शेंगांची आडत होती. मी थोरली सून. घर माझ्या अंगावर लवकर पडलं आणि ते मी चांगलं पेललंही, पण कामाबरोबर तोंडही तितकंच चाले. कुणाच्या भाजीला मीठ कमी, कुणाच्या लेकाला अक्कल कमी, हे मी बोलून मोकळी व्हायचे आणि बायका हसायच्या. "नांदेडची जीभ हाय," असं माझे यजमानही कौतुकानं सांगायचे. बाईंचं सगळं शिकलेलं कुठं गेलं होतं, कोण जाणे. हसणारी माणसं समोर असली की ते आठवत नसे, हे खरं.

दोन वर्षांनी धाकटी जाऊ आली. गरीब पोर, मला आक्का म्हणायची, माझ्या मागं मागं राहायची. तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात सुईण येऊन पोट बघून गेली. गावकुसाबाहेर, ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहणारी ही बाई. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. तिची माणसं दोर वळायची, तीही मधल्या वेळात दोर वळायची, आणि बोलावणं आलं की हातातलं टाकून यायची. बाळंतपण झालं की सुपभर ज्वारी, लुगडं, खोबरं, आणि सुगीला प्रत्येक घरातून तिचा वाटा. जाताना ती मला बजावून गेली, "मालकीण, पाणी फुटायची वाट बगू नका. कंबर धरली की बोलवा."

चैत्रातला दिवस होता. सासूबाई एका लग्नाला मुरुडला गेल्या होत्या, आणि मी कुरडया घातल्या होत्या. कुरडईचं ज्यांनी केलं आहे त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळून रात्रभर ठेवायचे, आणि सकाळी वरचं पाणी ओतून खाली राहिलेला चीक शिजवायचा. तो शिजवायला घेतला की हात थांबवता येत नाही. थांबलं की गुठळ्या होतात, आणि उन्हं उतरायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर पडला नाही तर सगळं आंबून वाया जातं. पायलीभर गव्हाचा चीक होता. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि जाऊ दारात येऊन म्हणाली, "आक्का, कंबर लई धरली."

मी मान वर न करता म्हणाले, "सकाळपासून वाकून काम केलंस, धरणारच. पड जरा."

ती पडली. तासाभरानं पुन्हा आली. तेव्हा मी गच्चीवर होते, अर्ध्या कुरडया पडल्या होत्या. मी म्हणाले, "एवढा घाणा होऊ दे, मग बोलावते." ती भिंत धरून खाली गेली. घाणा झाला. मग शेवटचाही करून टाकला. खाली आले तर तिचं लुगडं ओलं होतं आणि ती मोरीच्या दगडावर बसून ओठ चावत होती. तेव्हा कुठं मोलकरणीला वस्तीकडं पिटाळलं.

सुईण धापा टाकत आली. मूल झालं तेव्हा नाळेचे दोन वेढे गळ्याला होते. निळं पडलेलं. तिनं तळवे चोळले, पाठ थोपटली, तोंडात फुंकलं, किती तरी वेळ. मुलगा होता. मग तिनं ते फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. ती गेल्यावर, रिवाजाप्रमाणे, ती बसलेली जागा मी शेणानं सारवून घेतली.

चौथ्या दिवशी त्या तिघी भेटायला आल्या. सासूबाई मुरुडहून परत आल्या होत्या, भिंतीला टेकून रडत होत्या. तिघींतल्या एकीनं विचारलं, "कसं गं झालं? पोर तर धडधाकट व्हती." सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. आता मी काय सांगणार होते? कुरडया घालत होते म्हणून? माझ्या तोंडातून निघालं, "सुईण उशिरा आली. आन् तिच्या हाताला यश न्हाई."

बोलताना मला एक प्रकारचं हलकं वाटलं, हेही सांगून टाकते. बायकांनी माना डोलावल्या. एकीला लगेच आठवलं की दोन वर्षांमागं अमक्याकडचं मूलही तिच्याच हातून गेलं होतं. दुसरीला आणखी एक आठवलं. त्या मुलांना ताप होता, एकाला तर जन्मून महिना झाला होता, पण ते कोण बघतं. तिसरीची सून पाच महिन्यांची पोटुशी होती. त्या तिसरीनंच ते सगळ्यात घट्ट धरून ठेवलं.

तीन महिन्यांत आमच्या गल्लीत चार बाळंतपणं झाली. चारीला गावाच्या दुसऱ्या टोकाची सुईण आली. आमची सुईण सुगीचा राहिलेला वाटा मागायला फिरकली तेव्हा दोन घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. आषाढात मला ती सडकेच्या कामावर दिसली, पावसात भिजत खडी फोडत होती. ज्या हातानं ती पोटातलं मूल फिरवायची त्या हातात हातोडी. मी तोंड फिरवून भराभर घरी आले. घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसले, लिंगपूजा केली, चुकलं म्हणून नाक घासलं. बरं वाटलं नाही. बाईंनी शिकवलेलं एकेक वर यायला लागलं. तोंडातून निघतं त्यानं माणूस विटाळतो. आणि मी सारवली होती ती जमीन, तिचे पाय लागले म्हणून!

श्रावणात पंचमीला माहेरी गेले. भाऊ न्यायला आला होता. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बाईंकडं गेले. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, कोंबड्या तेवढ्याच होत्या. मी सगळं सांगितलं, रडले. मला वाटलं, त्या पाठीवर हात ठेवून म्हणतील, देव क्षमा करणारा आहे. त्यांनी दाणे टाकायचं थांबवून विचारलं, "तिच्या तोंडाकडं बघून बोललीस का हे?"

"न्हाई."

"मग मला का सांगायलीस? मी काय तिला काम देणार हाय? वेदीवर भेट घेऊन गेलास आणि आठवलं की कुणाचं मन दुखवलंय, तर भेट तिथंच ठेवून आधी त्याच्याकडं जा, असं वाचलंस की न्हाई इथं बसून? वाचलंस. चांगलं मोठ्यानं वाचायचीस. तुझा देव कोणता का असेना, आधी तिच्याकडं जा."

मी म्हणाले, "बाई, घरात कळलं तर माझं काय व्हईल?"

"ते तू मला खोट्या साक्षीचा कायदा म्हणून दाखव, म्हंजे कळंल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दाणे टाकायला लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. पण मोटारीनं परत येताना अहमदपूरच्या पुढं कुठंतरी तो राग उतरला आणि माझा निश्चय झाला. एकदा ठरवलं की मी मागं फिरत नाही. वाईट गोष्टींतही फिरत नव्हते, तर चांगल्यात का फिरावं?

लातूरला आल्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत मी ओढा ओलांडून त्या वस्तीत गेले. आमच्या घरातली बाई तिथं कधी गेली नव्हती. सुईण अंगणात दोर वळत होती. तिला काय हाक मारावी हे मला कळेना, कारण इतकी वर्षं मी तिला 'अगं' असंच म्हणत होते. "मावशी," मी म्हणाले. तिचा हात थांबला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुरडया, दोनदा आलेली जाऊ, शेवटचा घाणा, ते चार शब्द.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी आले तवा पाणी फुटून लई येळ झाल्ता. तवाच वळखलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझं कोण ऐकतंय? तुमी दारातून बोललाव, ते गावभर गेलं. मी गावभर वरडले तर तुमच्या दारात बी येणार न्हाई."

मी हात जोडले आणि म्हणाले, "माफ कर मावशी."

तिनं दोराला पीळ घातला, गाठ मारली आणि मगच माझ्याकडं बघितलं. "माफी घिऊन मी काय करू? चुलीत घालू? मला बोलावणं पायजे. जितं बोललाव तितं जाऊन सांगा."

आधी घर. संध्याकाळी सासूबाई आणि जाऊ तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. जाऊ ऐकत राहिली. मग सूप खाली ठेवून उठली आणि आत गेली. सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. घरातलं घरात ऱ्हाऊ दे. सुईण काय, दुसरी मिळती." यजमानही तेच म्हणाले. उकरून काय मिळणार, तुझ्यावरच येईल. मी म्हणाले, "यायलाच पायजे." माझी जीभ पहिल्यांदा कामाला आली असं मला तेव्हा वाटलं, आणि त्याच तोऱ्यात मी एक घोटाळा करून बसले.

त्या तिसरीच्या घरी, जिची सून पोटुशी होती, तिथं बारसं होतं. सगळी गल्ली जमणार होती. म्हटलं, एका फटक्यात सगळ्यांना कळेल. पाळणा सजला होता, बाळाला कुंची घातली होती, आणि नाव ठेवायच्या आधी मी उभी राहून म्हणाले, "माझ्या जावेचं लेकरू गेलं ते माझ्यामुळं." पुढचं मला कोणी बोलूच दिलं नाही. बाळाच्या आजीनं, म्हणजे त्या तिसरीनंच, पाळण्यावर हात आडवा धरला. "बारशाच्या पाळण्यापुढं मेल्या लेकराचं नाव काढतीस? ऊठ, चल हो भाईर!" मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यांचं चुकलं नव्हतं. वेळेवर बोललेल्या शब्दाला बायबलात मोठी किंमत दिली आहे, आणि ते पान मी बहुतेक भराभर उलटलं असावं. खरंही बोलायला वेळ बघावी लागते, एवढी अक्कल मला नव्हती.

मग एकेक घर धरलं. गल्लीत अकरा घरं. दुपारी पुरुष दुकानावर गेले की मी एका घरी जायची, पाणी प्यायची, आणि सांगायची. काही जणींनी ऐकून घेतलं. काहींनी तोंडावर चांगलं म्हटलं आणि मी गेल्यावर हसल्या. एकीनं विचारलं, "किरिस्ताव झालीस व्हय गं?" मी म्हणाले, "खोटं बोलले तवा कोणी जात विचारली न्हाई, खरं बोलताना का विचारायलाव?" एक म्हातारी मात्र फार शांतपणे म्हणाली, "तुझा उशीर झाला हे खरं आसंल पोरी. पण हाताला यश असतं तर उशीर झाला तरी वाचलं असतं की." त्या दिवशी मी घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. खोटं सांगायला मला चार शब्द पुरले होते. खऱ्यासाठी मी महिनोन् महिने उंबरे झिजवत होते आणि ते कुणाच्या आत शिरत नव्हतं. आता गल्लीत दोन गोष्टी चालू झाल्या, सुईणीचा हात वाईट आणि आडतवाल्यांची थोरली सून बेफिकीर. एक खोडायला गेले तर दोन झाल्या.

पण थांबले नाही. बाजारात कधी सुईण भेटली की ती दुरूनच विचारायची, "किती घरं झाली, मालकीण?"

"सात."

"बरं. चार ऱ्हाईली." एवढं बोलून ती निघून जायची. दोन गरीब घरांनी तिला बोलवायला सुरुवात केली होती. खडी फोडणं अजून सुटलं नव्हतं.

घरातली शिक्षा वेगळीच होती. जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, शिव्या नाहीत. मी वाढलं तर ताट बाजूला ठेवायची आणि सासूबाईंकडून वाढून घ्यायची. तूप हवं असलं तर सासूबाईंना सांगायची, आणि तुपाचा डबा माझ्या हातात असायचा. माझ्या बोलण्यानं एका बाईला गल्लीनं वाळीत टाकलं होतं, आता मला माझ्या घरात तसंच झालं. खोट्या साक्षीच्या कायद्यात मी इतकी वर्षं न्यायाधीश होऊन बसले होते, आता आरोपीच्या जागी बसून तो कळला. ते चौदा महिने मला फार जड गेले. त्या पोरीचा आवाज मी शेजारच्या खोलीतून ऐकायची, इतरांशी बोलताना, आणि जीव तुटायचा.

त्यातच तिला पुन्हा दिवस गेले. नऊ महिने भरले तेव्हा सासूबाईंनी त्या दुसऱ्या टोकाच्या सुईणीला सांगून ठेवलं होतं. कार्तिकातली सकाळ होती, मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. जाऊ दारात आली. एका हातानं चौकट धरलेली, दुसरा कंबरेवर. मागं सासूबाई होत्या. त्या मोलकरणीला म्हणत होत्या, "जा, त्या पलीकडच्या टोकाच्या सुईणीला..."

"न्हाई," जाऊ म्हणाली. मग माझ्याकडं बघून, चौदा महिन्यांत पहिल्यांदा, "आक्का."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"तिलाच बोलव. तू जा. आन् ह्या बारीला पळत जा."

मी पिठाच्या हातानं निघाले. गोलाईच्या बाजारातून गेले तेव्हा डोक्यावरचा पदर पडला होता, आणि आडतीच्या गादीवरून यजमान उठून उभे राहिलेले मला दिसले, पण मी थांबले नाही. आडत्याची सून भर बाजारातून पळते म्हणून लोक बघत होते. बघोत. सुईणीनं मला ओढ्याच्या अलीकडून येताना बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत दोर टाकून उठली. परत येताना मला चालवेना, तीच पुढं होती.

दुपारच्या आत मुलगी झाली. मोठ्यांदा रडली, इतकी की सासूबाई हसायला लागल्या. बातमी ऐकून गल्लीतल्या बायका आल्या, त्या तिघीही. सुईण मोरीवर हात धूत होती. मी तिच्या हातावर पाणी ओतत होते. सासूबाई आनंदात म्हणाल्या, "बगा, तिच्या हाताला यश हाय की!" बायकांनी माना डोलावल्या. तशाच, पहिल्यासारख्या.

सुईणीनं हात झटकले. "यश-बिश कायी न्हाई," ती म्हणाली. "तवा बी ह्योच हात व्हता."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, तिघींनीही बघितलं, आणि आतून जाऊ ऐकत होती हे मला माहीत होतं. मी तांब्या खाली ठेवला.

"व्हय," मी म्हणाले, आतपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "ह्योच व्हता. उशीर माझा व्हता."